घासूनपुसून ठेवलेली नाणी

सकाळी उठल्यावर वहिनीने रोजच्यासारखा त्या दिवसापुरता एक नेम धरला: आज खोटं बोलायचं नाही. कालचा नेम कुणावर चिडायचं नाही असा होता, आणि तो दात घासेपर्यंत टिकला होता. परवाचा तर तिला आठवतच नव्हता. देवाच्या मात्र लक्षात असणार, या विचाराने ती जरा ओशाळली आणि चहा टाकायला गेली.

"नाणेवाले येणार आज," नवरा दारात येऊन म्हणाला. "धाकधूक होतेय का?"

"छे! मला कसली धाकधूक," ती म्हणाली. चहाला उकळी फुटायच्या आत नेम मोडला. आजही हात जोडून माफी मागण्यापासूनच दिवसाची सुरुवात होणार होती. देवाला तिच्या आवाजाची ओळख असेल तर ती एवढ्याच कारणासाठी असेल, असं तिला कधीकधी वाटायचं.

धाकधूक नव्हती कशी? लाँड्रीचा बॉयलर तडकल्यापासून घरात सरळ दोन पक्ष पडले होते. वाफेच्या इस्त्र्या थंड पडल्या होत्या आणि नवरा कोळशाच्या जमान्यातल्यासारखा हाताने कपडे बडवत होता. सासऱ्यांच्या वडिलांनी काढलेलं दुकान चालू ठेवायचं, असं वहिनी आणि तिचा नवरा म्हणत होते. विकून मोकळं व्हायचं, असं धाकटा दीर आणि नणंद म्हणत होते. दीर विमा कंपनीत होता. तो दुकानाबद्दलसुद्धा एखाद्या आजारी गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसा बोलायचा. शेजारच्या चष्मेवाल्याला दुकानाचा गाळा हवा होता आणि आज संध्याकाळी त्याला उत्तर द्यायचं होतं.

निवाडा सासूबाईंनी केला होता. सासऱ्यांच्या मागे एक पत्र्याचा डबा उरला होता. दुकानात धुवायला आलेल्या कपड्यांच्या खिशात जी नाणी सापडत, ती सासरे कपड्याबरोबर पुडीत बांधून परत करायचे. पण काही कपडे न्यायला कुणी आलंच नाही. त्या खिशांतली नाणी डब्यात गेली. बंदरावरच्या खलाशांची होती, वाट वाकडी करून आलेल्या प्रवाशांची होती, कुठल्या कुठल्या मुलखांतली होती. बहुतेक इतकी झिजलेली, की राजाचा चेहरा आहे की बटाटा, सांगता येऊ नये. सासूबाई म्हणाल्या होत्या, "डब्याची किंमत करून घेऊ. बॉयलरचं भागलं तर दुकान राहील. नाही भागलं तर विकायचं. आणि तोवर डब्याला कुणी हात लावायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सगळ्यांत जोरात वहिनीने.

आणि दोन दिवसांनी तीच वहिनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन लिंबू चिरत बसली होती.

तिचा तरी काय दोष? या घराण्याला डाग बघवत नाही. पाहुणा दारात आला की याचं नाव काय हे विचारण्याआधी सगळ्यांची नजर त्याच्या बाहीवर जाते. नणंदेने पहिलं स्थळ नाकारलं ते मुलाच्या खिशावर शाईचा डाग होता म्हणून. दुसरं पत्करलं ते त्याच्या कॉलरवर तेलाचा डाग होता म्हणून, कारण तेलाचा डाग कसा काढायचा हे तिला येत होतं. अशा घरात बावीस-तेवीस वर्षं काढल्यावर काळीकुट्ट नाणी परक्या माणसापुढे ठेवायची, हे वहिनीला गलिच्छ पायपुसणं दिवाणखान्यात अंथरण्यासारखं वाटलं. तिने वरवरची थोडीच घेतली होती. एक तर असं काळं होतं, की त्याच्यावर काही लिहिलंय हेच कळत नव्हतं. लिंबू आणि मीठ लावून ती घासत राहिली, घासत राहिली, आणि हळूहळू त्यातून एक वर्ष वर आलं. स्पष्ट, वाचता येण्यासारखं. तिला इतका आनंद झाला की तिने ते नाणं पदराने पुसून ओठांना लावलं. लिंबाची चव बराच वेळ गेली नाही.

*

नाणेवाले दुपारी आले. गोल चेहरा, फुगीर पिशवी, आणि बोलायला लागले की समोरच्याने जांभई दिली तरी थांबायचं नाही, असा माणूस. जिन्यावरून येता येताच ते दिराला सांगत होते, की लोकांना वाटतं नाणं जुनं म्हणजे महाग, पण तसं काही नसतं.

"दोन हजार वर्षांचं नाणं मी चहाच्या पैशात विकलंय," ते खुर्चीत बसत म्हणाले. "आणि माझ्या जन्माच्या आसपासचं एक असं विकलं की मुलीचं शिक्षण झालं. वय कोण विचारतो? किती पाडली होती आणि त्यातली किती उरली, ते विचारतात. आणि हवी किती जणांना आहेत! दुर्मीळ असून कुणालाच नको असलेली गोष्ट जगात काही कमी नाही."

"आमच्याकडे एक आहे तसा," नणंद दिराकडे बघून म्हणाली.

"ताई, पाहुणे आहेत," दीर म्हणाला.

"झिजलेली असली तर चालतात का पण?" वहिनीने हळूच विचारलं.

"अहो वहिनी, झिजलेलीच तर येतात माझ्याकडे! कोरी नाणी बँकेच्या तिजोरीत बसून असतात. झीज म्हणजे काय, माणसांच्या हातांतून गेलं. किंमत उतरते, नाही कशाला म्हणू? पण वर्ष वाचता आलं पाहिजे, कड शाबूत पाहिजे. वर्ष दुर्मीळ असेल तर गुळगुळीत नाण्यासाठीही लोक भांडतात. फक्त..." त्यांनी बोट वर केलं, "वरची कातडी मूळची पाहिजे. काळसर, तांबूस, जशी असेल तशी. ती धरायला पन्नास वर्षं लागतात."

वहिनीने हात पदराखाली घेतले. सासूबाईंनी डबा आणून मेजावर ठेवला आणि झाकण काढलं.

खिडकीतून ऊन नेमकं डब्यात पडत होतं. डबा असा लखलखला, की नाणेवाल्यांनी डोळे बारीक केले.

वहिनीला आधी वाटलं, आपण घासली होती त्यापेक्षा ही जास्त चमकताहेत. मग वाटलं, अपराधी माणसाला तसंच दिसत असेल. नाणेवाल्यांनी एक नाणं कडेने उचललं, वळवून बघितलं आणि मग नाकाजवळ नेलं.

"लिंबू," ते म्हणाले.

दुसरं उचललं. हुंगलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुदिना?"

नणंद खिडकीबाहेर काहीतरी मोठं महत्त्वाचं बघायला लागली.

"टूथपेस्ट आहे ती," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान पुढे काढली होती. आयुष्यभर डाग काढलेल्या बाईचं कुतूहल त्यांना आवरेना. "पांढरी टूथपेस्ट, आणि ब्रशने गोल गोल. बघा, चरे कसे गोल गेलेत. माझ्या मुलीचाच हात. ती बुटांनाही हेच करते."

"आई!"

"आणि हे लिंबू-मीठ, हे थोरल्या सुनेचं. मीठ जास्त पडलंय. भाजीतही पडतं."

वहिनीला नेमाची आठवण झाली. आज तरी हे एक खरं बोलून टाकावं. "मी घासली," ती म्हणाली. "थोडीच. वरवरची. मला वाटलं, परके येणार, बरी दिसावीत."

"वहिनी, तू? तू तर सगळ्यांत जोरात मान हलवली होतीस!" नणंद एकदम खिडकीतून परतली.

"तू कुठे कमी हलवली होतीस?"

"मी सोन्यासारखी दिसणारीच फक्त..."

"पितळेची होती ती," नाणेवाले क्षीण आवाजात म्हणाले. त्यांनी आता नाण्यांचे ढीग करायला घेतले होते. लिंबाचा एक, पुदिन्याचा एक. तिसऱ्या ढिगातली तांब्याची नाणी उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांसारखी गुलाबी झाली होती. "हे काय लावलंय? हे घरातलं नाही."

सासूबाईंनी एक उचललं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "गंजाच्या डागाचं औषध! दुकानातलं! ती बाटली तर कुलपात असते."

कुलपाची एक किल्ली सासूबाईंकडे, एक थोरल्याकडे. आणि एक, सासरे गेल्यापासून, धाकट्याकडे. सगळ्यांनी दिराकडे बघितलं.

"मी एकच थेंब टाकला होता," दीर म्हणाला. विमा कंपनीतला माणूस, पण त्याक्षणी तो दप्तर हरवून आलेल्या पोरासारखा दिसत होता. "थेंब पसरतो ना."

"दीड पोराचा बाप झालास..." सासूबाई बोलायला लागल्या.

"दीड कशी गं आई, दोन आहेत."

"धाकटं तुझ्यासारखं आहे, ते अर्धंच धरते मी."

नणंद खो खो हसली. पण नाणेवाले हसले नाहीत. चौथा ढीग सगळ्यांत मोठा होता आणि त्यातलं प्रत्येक नाणं आरशासारखं होतं. त्यावर ना चरा, ना वास. "हे मात्र कसबी माणसाचं काम आहे," ते जवळजवळ आदराने म्हणाले. "किती तास लागले असतील! चाळलेली राख आणि लोकरीचं फडकं. बरोबर?"

आता नजर वळवण्याची पाळी सासूबाईंची होती.

"माझा डबा," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचा डबा. मी हात लावला तर कुणाच्या बापाचं काय गेलं?"

"आई! तू तर न्यायाधीश होतीस!"

"न्यायाधीशाने काय घाणेरडं बसायचं?"

*

किंमत सांगायला नाणेवाल्यांना फार वेळ लागला नाही. घासलेलं नाणं संग्राहक हातात धरत नाही. कातडी सोलल्यावर उरतो तो धातू, आणि तो तराजूवर जातो. त्यांनी पिशवीतून छोटा तराजू काढला आणि ढीग एकेक करून त्यावर ठेवले. बॉयलरचं म्हणाल तर बॉयलरच्या नळाचं भागेल, तेही नळ जुना घेतला तर.

"म्हणजे झीज चालते, पण साफसफाई चालत नाही," दीर म्हणाला. "अजब धंदा आहे."

"झीज हे त्याचं वय आहे हो. घासणं म्हणजे वय लपवणं. आणि ते लगेच कळतं."

सगळ्यांची नजर नणंदेच्या नुकत्याच रंगवलेल्या केसांवर गेली. "माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "मला कुठे कुणाला विकायचंय!"

निघता निघता नाणेवाल्यांचा हात लिंबाच्या ढिगावर थांबला. त्यांनी एक नाणं उचलून भिंग डोळ्याला लावलं, आणि एवढ्या बोलक्या माणसाचा आवाजच गेला. वहिनीने ते ओळखलं. तिने ओठांना लावलेलं तेच नाणं.

"या वर्षी फार थोडी पाडली होती," ते शेवटी म्हणाले. "मी आजवर दोनच पाहिली. हे काळं होतं का?"

"काळंकुट्ट. वर्षसुद्धा दिसत नव्हतं. मी घासलं तेव्हा कुठे दिसलं." आवाज आपलाच आहे का, अशी वहिनीला शंका आली.

"वर्ष मी काढलं असतं. भिंगाखाली, तिरप्या उजेडात दिसतं, घासायला लागत नाही. काळं असतं तर..." त्यांनी वाक्य तोडलं. मग भल्या माणसासारखं सावरून घेतलं. "असू दे. तुमचा बॉयलर केवढ्याचा आहे ते मला कुठे माहीत आहे?"

पण त्यांना माहीत होतं, कारण दिराने जिन्यातच सांगितलं होतं. वहिनीने मनातल्या मनात हिशेब केला: एका लिंबात तिने एक बॉयलर पिळून टाकला होता. शेजारणी तिला विचारायच्या, की तू इतकं देवाचं करतेस, तुला मिळतं काय? मिळतं की. देव डब्यात आणून ठेवतो आणि ही मीठ लावून घासते.

*

नाणेवाले गेले. चार ढीग मेजावर तसेच पडून होते. पहिल्यांदा दीर बोलला आणि जे बोलला त्याने घरातले दोन्ही पक्षच मोडले.

"ठीक आहे. नाण्यांचं राहू द्या. मी कर्ज काढतो बॉयलरला."

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "तू तर विकायचं म्हणत होतास!"

"म्हणत होतो. म्हणजे... हिशेबाने तेच बरोबर आहे. पण मग डबा दिसला आणि वाटलं, बघू तरी. निघाले पैसे तर निघाले." त्याने गुलाबी नाणी बोटाने ढकलली. "नाहीतर मी कशाला घासली असती?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. महिनाभर या माणसाला ती मनात काय काय म्हणाली होती! एका सकाळी तर तिने 'भाऊजींबद्दल वाईट चिंतायचं नाही' असाच नेम धरला होता, आणि अंघोळीच्या पाण्याबरोबर तोही वाहून गेला होता.

"मीही त्यासाठीच," नणंद म्हणाली. "नवऱ्यासमोर आपलं म्हणायचं, विका. वाटा येईल म्हणून तो खूश. पण बाबांचं दुकान विकायला माझं काय काळीज दगडाचं आहे? आई, तूही?"

"मग काय हौस म्हणून राख चाळली?" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच पदरावर डाग पडला का ते बघितलं.

खोलीत एकदम उत्सव झाला. दीर हप्त्यांचं बोलायला लागला, नणंद म्हणाली पाटी नवी करू या, सासूबाई म्हणाल्या पाटी जुनीच राहील. एवढ्यात वहिनीचं लक्ष मेजाकडे गेलं. ढीग चार होते. तिचा, नणंदेचा, दिराचा, आईंचा. ती नवऱ्याकडे वळली. तो भिंतीला टेकून उभा होता, दुपारपासून एक शब्दही न बोलता.

"अहो, तुम्ही नाही घासली?"

"दादा आमच्यात शहाणा," दीर हसत म्हणाला.

"आईने हात लावू नका सांगितलं होतं," नवरा म्हणाला.

"आईंचं तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?" तिनेही हसतच विचारलं. पण तो हसला नाही, आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. "अहो?"

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "घासायचं नसतं ते. मागे एक गिऱ्हाईक यायचं, नाणी जमवणारं. त्याने सांगितलं होतं."

"मग सांगायचं नाही?" नणंद उभीच राहिली. "आम्ही एकेक जण चोरासारखा डबा नेत होतो!"

"दिसत होतं मला. तू नेलास, हा घेऊन गेला, आई पहाटे घेऊन बसायची." त्याने वहिनीकडे बघितलं. "तू लिंबू चिरत होतीस तेव्हा मी दाराबाहेरच होतो. आत येऊन हात धरणार होतो तुझा."

"मग?"

"नाही आलो."

तो का आला नाही, हे विचारायची गरज नव्हती, पण तिला ऐकायचं होतं. तोही ते सांगायला महिनाभर थांबला असावा, कारण शब्द अडखळत आले तरी थांबले नाहीत. "मला नको आहे गं ते दुकान. बाबा गेले त्या दिवसापासून नको आहे. त्या सकाळी बॉयलर तडकल्याचा आवाज आला ना, तेव्हा मला वाटलं, सुटलो. पाय सुजतात माझे. तिथे उभं राहून राहून माझा जन्म गेला. पण तुझा जीव आहे त्याच्यात. तू दुकानाचं बोलायला लागलीस की तुझा चेहरा असा होतो, की माझ्याच्याने बोलवत नाही. मग म्हटलं, डबाच सांगेल."

वहिनीची नजर त्याच्या पायांकडे गेली. कपड्यावरचा कुठलाही डाग दहा पावलांवरून ओळखणारी ही बाई. रोज याच माणसाचे मोजे ती धुवायची, त्यांचे रबर कापून सैल केलेले असायचे, आणि तिने कधी विचारलं नव्हतं की का. उलट, चांगले मोजे कापून ठेवता म्हणून ती त्याच्यावर करवादायची. तिला त्याचा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. दोन्ही राग इतके सारखे निघाले, की कुठला कुणाचा हे कळेना.

"सूनबाई," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तू सांग आता. कर्ज काढायला हा तयार आहे."

वहिनीच्या डोळ्यांपुढे दुकान उभं राहिलं. वाफेचा तो उबदार वास, इस्त्रीखाली सुरकुती विरते तो क्षण, धुतलेल्या कपड्यांच्या सरळ रांगा. जगात तिला नीट जमलेली ती एकच गोष्ट होती. नेम जमले नाहीत, भाजी जमली नाही.

"चष्मेवाल्यांना हो म्हणून सांगायचं," ती म्हणाली.

"वहिनी, अहो, मी देतोय ना बॉयलर!" दीर म्हणाला.

"बॉयलर नवा मिळतो, भाऊजी. हे बदलून मिळत नाहीत. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी चौकशी केली होती मी."

नणंद हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"तुम्ही आता माझ्याशी आठ दिवस बोलू नका," वहिनीने नवऱ्याला सांगितलं. "मला बघत उभे राहिलात दाराबाहेर! आठ दिवस." तिने पायांत चपला सरकवल्या. "मी येते सांगून त्यांना. भाऊजी, तुम्ही नको, तुम्ही हप्त्यांचं काढाल. माझं दुकान आहे, मीच सांगेन."

"थांब, मी येतो," नवरा भिंतीपासून सुटला.

"कशाला?"

"एकटी कशी जाशील? उत्तर देताना कुणीतरी शेजारी उभं नको का?"

वहिनी दारातून मागे वळली. मघाशी नाणेवाले बसले होते ती खुर्ची तिने त्याच्यापुढे ओढली, आणि आवाज कापू नये म्हणून जरा दरडावूनच म्हणाली,

"बसा तुम्ही."

तो बसला.